कलम नऊनंतरचा उसासा

तो कायदा वाचायची मागणी ऑपरेटरांची होती. आमच्या ध्वनिग्रंथालयाचे सभासद अंध, त्यामुळे ते मागणी लिहून पाठवत नाहीत, फोन करतात. आणि फोन कानसेन घेतो. कानसेन म्हणजे आमचा ध्वनिमुद्रण करणारा. बाहेरच्या रस्त्यावरून सायकल गेली तरी हा काचेपलीकडून हात वर करून मला थांबवतो, म्हणून हे नाव.

"ऑपरेटरसाहेबांना नवा सुरक्षा कायदा हवाय," तो म्हणाला. "अख्खा."

"कादंबरी नको का त्यांना?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, घरी मुलगी तुकडे वाचून दाखवते, इस्पितळात डॉक्टर वेगळे तुकडे सांगतात, रेडिओवर नुसती भांडणं. मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत ऐकायचाय."

ऑपरेटर एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन खोलीत कामाला होते. त्यांनी आमच्याकडची निम्मी पुस्तकं ऐकून संपवली होती. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाचणाऱ्याचं नाव सभासदाला सांगायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. पुस्तकाचं नाव सांगायचं आणि वाचायला लागायचं. आवाज कुणाचा हे कुणी विचारत नाही.

आता फोनच सगळं वाचून दाखवतात, मग आमची गरज काय, असं लोक म्हणतात. पण हा कायदा छापील पानांचे वाकडेतिकडे फोटो काढून प्रसिद्ध केलेला. ऑपरेटरांच्या फोनने तो उघडला आणि सांगितलं, "चित्र." पुढचं पान उघडलं, "चित्र." असं शेवटच्या पानापर्यंत.

मी वाचायला घेतला. आमच्या खोलीत पंखा लावता येत नाही, खिडकीला जुनी गादी टेकवलेली असते, आणि खुर्ची अशी निवडून आणलेली की जरासुद्धा करकरत नाही. पान सुरू झालं की "पान सुरू" म्हणायचं, संपलं की "पान पूर्ण". कंस आला तर कंसही सांगायचा. वाचताना आपलं मत वाचायचं नाही. आवाज वर नाही, खाली नाही. एक मात्र आहे. कानसेन खोकला कापतो, पाण्याचा घोट कापतो, पण श्वास कापत नाही. पूर्वी कापायचा. मग ऑपरेटरांनीच तक्रार केली होती, की श्वास काढलेत की यंत्र वाचतंय असं वाटतं, माणूस गेल्यासारखं वाटतं. तेव्हापासून श्वास ठेवायचे असं ठरलं.

कलम नऊ लांबलचक होतं. जी कोणी व्यक्ती तोंडी किंवा लेखी शब्दांनी, खुणांनी, चित्रांनी अथवा अन्य कोणत्याही रीतीने या कायद्याविषयी किंवा त्याखालील अधिकाऱ्यांविषयी अप्रीती निर्माण करील, तिला अमुक इतकी शिक्षा. मी वाचलं, पूर्णविराम घेतला, पान उलटलं. पुढचं पानही तसंच गच्च भरलेलं. माझ्या तोंडून एक उसासा गेला. मग "पान पूर्ण" म्हटलं आणि पुढे गेले.

कानसेनला तो ऐकू आला. त्याने ठेवला. श्वासच होता.

पहिला भाग त्या आठवड्यात सभासदांना गेला. दुसरा पुढच्या आठवड्यात वाचायचा होता.

*

मुलगा बाहेरगावी असतो, सून आमच्याजवळ. ती घरूनच काम करते, कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी दिवसभर लिहून सोडवते. तिच्याकडे दोन फोन. एकावर तक्रारी आणि दुसऱ्यावर त्या कायद्याविरुद्धची मोहीम. जेवायला बसलो तरी दुसरा फोन ताटाशेजारी पालथा पडलेला असायचा, आणि थोड्या थोड्या वेळाने ती त्याला सुलटा करायची.

"आई, हे ऐका ना," ती म्हणाली. "कोण बाई आहे कुणालाच माहीत नाही. पण काय केलंय हो तिने!"

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती आणि माझा आवाज. कलम नऊ. शेवटी, "अथवा अन्य कोणत्याही रीतीने", शिक्षा, आणि मग उसासा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी वाढता वाढता थांबले. ह्यांनी घास तसाच हातात धरला.

"हा उसासा माझ्या ओळखीचा आहे," हे म्हणाले. "लग्न झाल्यापासून ऐकतोय. गॅस संपला की येतो."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे. मग परत माझ्याकडे.

"आई! तुम्ही?"

"लायब्ररीचं वाचन आहे ते. बाहेर कसं आलं?"

"कुणीतरी कापून टाकलंय. कालपासून सगळीकडे तेच आहे. अहो, कलम म्हणतं कोणत्याही रीतीने, आणि तुम्ही लगेच... काय सुचलं तुम्हाला! मुद्दाम केलंत ना?"

"नाही गं. पान उलटलं तर पुढचंही तसंच. दमले होते."

तिने फोनचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "हे बाहेर कुणाला सांगू नका हं."

"मला कोण विचारतंय?"

"विचारलं तरी," ती म्हणाली.

"आणि मी म्हणतो, तिचं नावच कुणाला सांगू नका," हे म्हणाले. "आवाज बाहेर गेला तो गेला. आवाजावर पत्ता नसतो. नाव तेवढं घरात राहू दे."

पुढचे दिवस आमच्या घरात माझाच उसासा नांदत होता. लोक आपापले उसासे टाकायला लागले. कुणी गाडीत बसून, कुणी दुकानाचं शटर ओढताना, एक दातांचा डॉक्टर तोंडावरची पट्टी खाली ओढून. एका नटीने इतका सुंदर टाकला की तिच्या केसांचीच चर्चा झाली. कुणी त्याला ठेका लावला. विरुद्ध बाजूचे म्हणाले की उसाशामागे परदेशी पैसा आहे. एका तज्ज्ञाने उसाशाचा आलेख काढून दाखवला, की हा नाकाने सोडलेला असल्यामुळे पूर्वनियोजित आहे.

"नाकानेच सोडतात ना पण?" ह्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही नका त्यात पडू," सून म्हणाली.

तिला वाईट म्हणवत नाही मला. पहाटे मी प्रार्थनेला उठायचे तेव्हा ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या उभ्या कुणाकुणाला उत्तरं देत असायची. डोळ्यांखाली काळं. प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही, म्हणून चहाचा कप नुसता तिच्यासमोर ठेवायचे. तीही न बोलता कप उचलायची. एकदा म्हणाली, "आई, असं वाटतं मी थांबले की सगळंच थांबेल." मला तेव्हा बोलायचं नव्हतं.

*

संचालकबाईंनी वाचन थांबवलं. आरडाओरडा करणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच. मला बसवलं, दार लोटलं.

"तुम्ही काही चूक केलेली नाही," त्या म्हणाल्या. "पण दोनदा फोन आला. कुणी वाचलं, नाव द्या म्हणतात. मी म्हटलं आमच्याकडे नावं घेत नाहीत. आता दुसरा भाग निघाला तर अनुदान जाईल. अनुदान गेलं तर ह्या एवढ्या सभासदांनी काय ऐकायचं?"

"पण मी घेतलेलं वाचन अर्ध्यावर सोडत नाही, बाई. माझा नेम आहे तो."

"मला ठाऊक आहे. देव समजून घेईल. सरकार घेणार नाही."

कानसेन काचेपलीकडे वायरी गुंडाळत होता. एरवी गुंडाळतो त्यापेक्षा हळू.

चारआठ दिवसांनी मी एक बालकथांचं पुस्तक वाचत होते, तर त्याने मला थांबवलं. बाहेर काही आवाज नव्हता. त्याने फोन काचेवर धरून दाखवला आणि मला बाहेर बोलावलं.

"नियम मोडतोय मी," तो म्हणाला. "पण तुम्हीच बोला. ऑपरेटर आहेत."

मी "हॅलो" म्हटलं.

"तुम्ही त्या," ते म्हणाले. "बरं झालं. ऐका, माझ्या मुलीला नेलंय. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथून नेलं, बारा दिवस झाले. तुमचा तुकडा पहिल्यांदा तिनेच टाकला होता. माझ्या फोनमधून घेऊन. मला सांगून टाकला, मी हो म्हणालो होतो."

मला बसायला काही सापडेना. कानसेनने त्याचं स्टूल पुढे सरकवलं.

"वकील आहे ना कुणी?"

"मोहिमेचा आहे. भला माणूस आहे, पण त्याच्या अंगावर अशी पन्नास कामं. म्हणतो, काका, अर्ज मी करतो, तुम्ही निश्चिंत राहा. निश्चिंत कसा राहू? तुमच्या पहिल्या भागात एक वाक्य आहे, 'याविरुद्धचा अर्ज प्रकरण चारप्रमाणे करावा'. प्रकरण चार दुसऱ्या भागात आहे. त्यात काय आहे?"

"मी अजून वाचलेलं नाही."

"कुणीच वाचलेलं नाही! मी सगळ्यांना विचारलं. दहा जणांनी सारांश पाठवले. एकात मुदत पंधरा दिवस, दुसऱ्यात तीस. एक म्हणतो अर्ज कुणीही करावा, एक म्हणतो आईबापांनीच. मला वाचून दाखवणारी एकच होती, ती आत आहे." ते थांबले. "काल तिघंजण घरी आले. चांगली पोरं. म्हणाली, काका, तुम्ही कॅमेऱ्यासमोर एक उसासा टाका, बापाचा उसासा फार पोचेल."

"मग?"

"टाकला. त्यांना आवडला नाही. म्हणाली, जरा लांब हवा."

मला हसू आलं आणि ते त्यांना ऐकू गेलं. तेही हसले.

*

घरी येऊन मी सुनेला सांगितलं. तिने लगेच लिहिलं, की प्रकरण चार कुणी नीट वाचलंय का, एका बापाला गरज आहे. तिच्या त्या लिहिण्यावर बदाम पडले, रडके चेहरे पडले, मुठी पडल्या. कुणीतरी ऑपरेटरांचा फोटो लावला. कुणी लिहिलं, "शब्द नाहीत." रात्रीचं जेवण होईपर्यंत हजारो लोकांनी ते पुढे पाठवलं होतं.

"वाचलं का कुणी?" मी विचारलं.

तिने फोन पालथा घातला. "मीच वाचायला घेतलं होतं. दोन पानांवर झोप लागली, आई. शप्पथ."

"लागणारच. फार कंटाळवाणं आहे ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पानं पिशवीत घातली आणि इस्पितळात गेले. ह्यांना सांगितलं, वाचायला जाते. खोटं नव्हतं.

टेलिफोन खोली तळघरात, कपडे धुण्याच्या विभागाशेजारी. भिंत गरम लागायची. ऑपरेटर माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरे निघाले. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, टेबलावर बटणांचा एक जुना संच आणि बोटं त्यावर सारखी फिरत असलेली. मी दारात "नमस्कार" म्हटलं तर त्यांनी खुर्ची दाखवली.

"ही करकरते हं," ते म्हणाले. "तुम्हाला सवय नसेल."

मी वाचायला लागले. पान सुरू. कलम बावीस. मधेच घंटा वाजायची.

"इस्पितळ. कोणता विभाग? बालरुग्ण, जोडतो. हं, वाचा."

"पोटकलम दोन. उपरोक्त प्राधिकाऱ्यास योग्य वाटेल अशा..."

"थांबा. इस्पितळ. नाही आजी, भेटायची वेळ पाचनंतर. हो, फळं चालतात. वाचा."

"...अशा मुदतीपर्यंत..."

"योग्य वाटेल अशा? मुदत त्यांना योग्य वाटेल ती?"

"असं लिहिलंय."

"वाचा."

मी काही गाळत नव्हते आणि पदरचं घालतही नव्हते. दंडाची कोष्टकं वाचली, व्याख्या वाचल्या, तळटिपा वाचल्या. मधे कपड्यांच्या विभागातली एक बाई चहा ठेवून गेली. नेमाप्रमाणे माझी जेवणाची दिवसातून एकच वेळ असते, ती टळून गेली होती, पण चहा चालतो. घसा बसायला आला. त्यांनी एकदाही "ते सोडा, पुढचं बघा" असं म्हटलं नाही. आणि म्हणून ते सापडलं. प्रकरण चार संपल्यावर, किरकोळ तरतुदींमध्ये, जिथे शिक्क्याचा आकार किती असावा वगैरे लिहिलेलं असतं तिथे.

अर्ज फक्त आईने किंवा बापाने करायचा. एकदाच करता येईल. फेटाळला तर दुसरा नाही. आणि अर्जदारास स्वतः वाचता येत नसेल तर, हा कायदा ज्या व्यक्तीने त्यास संपूर्ण वाचून दाखवला त्या व्यक्तीने आपले नाव व पत्ता लिहून, समक्ष हजर राहून तसे प्रमाणित करावे. तसे नसल्यास अर्ज रद्द समजावा. प्रमाणित करणाऱ्याचे नाव कार्यालयाच्या फलकावर लावण्यात येईल. मुदत, ताब्यात घेतल्यापासून पंधरा दिवस.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. घंटा वाजत होती. त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांनी फोन उचलला नाही.

"उद्या पंधरावा," ते म्हणाले. मग एक बटण दाबून वकिलाला फोन लावला. वकिलाने कलम ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं आणि म्हणाला, "बाप रे. मी सकाळी नुसता अर्जच धाडून देणार होतो. सापडलं ते बरं झालं, काका." त्याचा आवाज इतका थकलेला होता की मलाच त्याला बसायला सांगावंसं वाटलं.

फोन ठेवल्यावर ऑपरेटर म्हणाले, "तुमचं नाव देऊ नका. तुमच्या घरी माणसं असतील. मी दुसरं कुणी बघतो."

"त्याला सगळं पहिल्यापासून वाचावं लागेल. समजा, सापडलं कुणी, तर आज रात्रभर वाचेल?"

त्यांची बोटं बटणांवर फिरत राहिली.

"मग न वाचताच सही करेल," मी म्हटलं. "तसं नको."

*

"एक सांग," हे म्हणाले, "तुला दुसऱ्याचं काही करायचं असलं की ते घरावरूनच का जावं लागतं?"

मी भांडी विसळत होते. नळ बारीक केला.

"फलकावर नाव लावणार म्हणजे सगळ्या गावाला कळणार, ती उसासावाली बाई ही. एक बाजू येऊन पाया पडेल आणि दुसरी दगड मारेल. मला दोन्ही नकोत. सून आहे घरात."

"बाबा, माझं नाव पुढे करू नका," सून आतून म्हणाली.

"मग काय करू? हिच्या नेमांवर हे घर चालतं! बोलायचं नाही हा नेम, अर्धवट सोडायचं नाही हा नेम, खोटं बोलायचं नाही हा नेम. मी एक नेम धरलाय का कधी?"

"धरलायत की," मी म्हटलं. "चिडून झाल्यावर बरोबर यायचा."

ते उठून बाहेर गेले आणि कितीतरी वेळ व्हरांड्यात चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

सकाळी आम्ही तिघं त्या कार्यालयात गेलो. हे, मी आणि ऑपरेटर. ऑपरेटरांनी ह्यांचा दंड धरला होता आणि हे त्यांना पायऱ्या सांगत होते. "आता एक. अजून एक. आता सपाट. हे लोक पायऱ्या बांधतात की थट्टा करतात देव जाणे." आत एक अधिकारी बसले होते, तरुणच, समोर थंड झालेला कॉफीचा कप, डोळे तांबारलेले. त्यांनी अर्ज बघितला. प्रमाणपत्राच्या जागी मी नाव आणि पत्ता लिहिला.

"तुम्ही सगळा वाचलात?" त्यांनी विचारलं. "सगळा म्हणजे, परिशिष्टांसकट?"

"परिशिष्टांसकट."

माझा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. शेजारच्या टेबलावरचं टंकणं थांबलं.

"तो तुमचा होता," ते म्हणाले.

"हो."

"मुद्दाम टाकला होतात?"

ह्यांनी घसा खाकरला. ऑपरेटरांचा चेहरा माझ्या बाजूला वळला. मोहिमेतल्या लाखो लोकांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि सुनेला काय हवं होतं तेही. पण मला विचारलं ते इतकंच होतं.

"नाही," मी म्हटलं. "पान उलटलं, पुढचं पानही तसंच भरलेलं दिसलं. दमले होते."

त्यांनी ते लिहून घेतलं. "वाचणाऱ्या व्यक्तीचा कोणताही हेतू नव्हता. असं लिहिलं तर मुलीचं काम सोपं होतं. आणि खेद व्यक्त करता, असं घालू?"

"दमल्याचा खेद नाही वाटत मला."

"बरं." लेखणी थांबली. "आणि कायद्याबद्दल तुमचं मत?"

"वाचताना मत नसतं मला."

"आणि वाचून झाल्यावर?"

ह्यांनी माझ्या कोपराला हात लावला. अगदी हलका.

"वाचून झाल्यावर आहे," मी म्हटलं. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला हा कायदा चांगला वाटला नाही. माणसाने तोंड कसं ठेवावं हेसुद्धा त्यात आहे, आणि ज्याची पोर नेली त्याने काय करावं ते मात्र शिक्क्याच्या आकाराखाली लपवलंय."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मग म्हणाले, "या रकान्यात जागा उरली नाही," आणि शिक्का मारला.

*

नाव संध्याकाळी फलकावर लागलं आणि रात्री घरोघरी पोचलं. माझं म्हणणंही पोचलं, पण दमले होते इतकंच. मोहिमेतले म्हणाले, घाबरली. बाईंनी सगळ्याची माती केली. दुसरे म्हणाले, बघा, नुसती झोपाळू म्हातारी आणि तुम्ही तिला देवी केलीत. आमच्या दारात दोन दिवस माणसं उभी होती. कुणी पाया पडलं नाही आणि दगडही मारला नाही. कॅमेरेवाल्यांना उन्हाचा त्रास झाला म्हणून त्यांनी सावली कुठे आहे ते विचारलं, हे त्यांना दाखवत होते. तिसऱ्या दिवशी मोहिमेला दुसरी खूण मिळाली, उलटी धरलेली छत्री, आणि माणसं तिकडे गेली.

संचालकबाईंनी मला काही महिने येऊ नका म्हणून सांगितलं. सांगताना त्यांचा हात माझ्या हातावर होता. सुनेने तिच्या गटातल्यांशी माझ्यावरून भांडण केलं आणि मग माझ्याशीही केलं. "एक वाक्य, आई. एकच वाक्य वेगळं बोलला असतात तर!" मी म्हटलं, "मग ती पोर आतच राहिली असती." "हो," ती म्हणाली. "मला कळतं ते. म्हणून तर चिडते." आणि तिने चहा ठेवला, दोघींचा.

मुलीची सुनावणी झाली. मला जाता आलं नाही, आत फक्त बापाला सोडतात. फोन जप्त, दर आठवड्याला हजेरी, आणि ताकीद देऊन सोडलं. कागद तयार व्हायला वेळ होता, तेव्हा ऑपरेटरांनी मला बोलावून घेतलं. व्हरांड्यात एक लांब बाक होता. मी गेले तर ती मुलगी बापाशेजारी ताठ बसली होती.

"ह्या त्या," ऑपरेटर म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. नाराजी लपवायची शक्तीही तिच्यात नव्हती.

"खरंच दमला होतात?"

"हो."

"नुसत्या?"

"नुसती."

"आत आम्ही सहाजणी होतो," ती म्हणाली. "मी त्यांना रोज सांगायचे, ती बाई आपल्यातली आहे. त्यावर त्या झोपायच्या."

"आता आहेच," मी म्हटलं. "फलकावर नाव आहे. दारात कॅमेरे होते. आणखी काय राहिलं?"

ती हसेल असं वाटलं होतं. ती नुसती "हं" म्हणाली आणि मान खाली घातली. मग बसल्या जागी कलत कलत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही. आतल्या खोलीत कुणीतरी मोठ्याने नावं पुकारत होतं, अजून आमचं आलं नव्हतं.

"ती काय करतेय?" ऑपरेटरांनी विचारलं.

"झोपली."

ते थोडे पुढे वाकले. हात मांडीवर एकात एक घट्ट धरलेले.

"मला तिने काही सांगितलं नाही. ठीक आहे, ठीक आहे एवढंच म्हणते. कशी दिसतेय ते सांगा. काही वगळू नका."

मी तिच्याकडे बघितलं. केसांपासून खाली खाली येत गेले.

"केस विंचरलेले नाहीत," मी हळू आवाजात म्हणाले. "डाव्या बाजूला गुंता झालाय, रबर नाही. कपाळावर काही लागलेलं नाही. ओठ फुटलेत, कोरडे पडून, मारून नव्हे. नखं वाढलीत. उजव्या मनगटावर एक लाल पट्टा आहे, बोटभर रुंद, जुना होत आलाय. कुडता तिचाच असावा, धुतलेला आहे पण वाळताना चुरगळलाय. एका पायातली चप्पल दुसऱ्या कुणाचीतरी आहे, मोठी होतेय."

"पट्टा कसला?"

"ते कळत नाही. नुसता पट्टा दिसतोय."

ते ऐकत होते. त्यांची बोटं सुटली, आणि गुडघ्यावर चाचपडत तिच्या मनगटापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"हं," ते म्हणाले. "अजून सांगा."